कवठावरचा पहिला घाव

राग आला की मी भांडी घासते. त्या वर्षी आमच्या घरातली भांडी इतकी लखलखत होती की कामाच्या बाईंनी एकदा भीत भीत विचारलं, "काकू, माझं काही चुकलं का?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीचं, आणि कार्यकारिणीला काही घासता येत नाही.

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यावरून आत वळलं की आमची सोसायटी लागते. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही इथे राहायला आलो तेव्हा दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि रिक्षावाले इकडे यायला सरळ नाही म्हणायचे. इमारतीची जागासुद्धा एका मळ्याचीच. मळ्याच्या बांधावर कवठाचं एक मोठं झाड होतं. मळेवाल्यांनी जमीन देताना बिल्डरला सांगितलं की झाड राहील, आणि महाशिवरात्रीला त्याची पहिली कवठं गावठाणातल्या महादेवाला जातील. तो बिल्डर काही संत नव्हता. त्याने बांधलेली गच्ची आजतागायत गळते. पण हा शब्द त्याने पाळला. कुंपणाची भिंत झाडापाशी आली आणि त्याला वळसा घालून पुढे गेली.

कवठाचं झाड पाहताक्षणी कोणी प्रेमात पडावं असं नसतं. साल काळपट, भेगाळलेली, फांद्यांवर सरळ टोकदार काटे. वाढतं अगदी सावकाश, आणि लावणाऱ्याला फळ खायला मिळेलच याची खात्री नसते. पण पान चुरगळलं की बडीशेपेसारखा वास येतो. उन्हाळ्यात त्या पानांवर पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या असतात. नव्या बिऱ्हाडातल्या बायका त्या पाहून फवारणीवाल्याला बोलवायला निघायच्या. मी त्यांना सांगायची, अहो थांबा, याची फुलपाखरं होतात. पिवळ्या-काळ्या ठिपक्यांची फुलपाखरं आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत यायची.

फळ म्हणजे तर चेंडूच, आणि तोही दगडी. पिकलंय की नाही ते रंगावरून कळत नाही. वीतभर उंचीवरून फरशीवर सोडायचं. उसळलं तर कच्चं, धप्पकन जागच्या जागी बसलं तर पिकलेलं. हे मला मळेवाल्या मावशींनी शिकवलं.

मावशी म्हणजे ज्यांनी जमीन दिली त्यांच्या घरच्या. यजमान पुढे वारले, पण मावशी दर शिवरात्रीच्या आदल्या दिवशी गावठाणातून चालत यायच्या, डोक्यावर पाटी घेऊन. खाली पडलेली कवठं उचलायच्या, एकेक सोडून पाहायच्या आणि महादेवासाठी निवडलेली पाटीत ठेवायच्या. उरलेली माझ्या ओच्यात टाकून म्हणायच्या, "घ्या ताई, ही तुमच्या लोकांची." मग मी उंबऱ्यावर वरवंट्याने कवठं फोडायची. गर काढायचा, बिया आणि शिरा गाळायच्या, गूळ, मीठ, तिखट आणि भरपूर जिरं घालून चटणी करायची, आणि प्रत्येक घरी वाटी पोचवायची. उपासाच्या दिवशी साबुदाण्याने जड झालेल्या पोटाला तिचा फार आधार. आमच्या ह्यांना तर शिवरात्र चटणीपुरतीच आठवायची. कोणाचं पोट बिघडलं की कच्च्या कवठाचा गर ताकातून न्यायला लोक आमच्याकडे यायचे. झाडाचा डिंक काढून पहिल्या मजल्यावरचे चित्रकार काका रंगात मिसळायचे. फक्त आयुर्वेदावर व्याख्यान कोणी देत नसे, एवढंच काय ते सुख.

मग इमारत जुनी झाली आणि पुनर्विकासाचं वारं आलं.

पुनर्विकासाला माझा विरोध नव्हता, हे मी आधीच सांगते. इमारतीला लिफ्ट नाही, पाइप गंजलेले, प्लास्टर पोपडे धरलेलं. नवा बिल्डर, मोठी घरं, दोन लिफ्ट, सगळं मान्य होतं. पण नकाशा उलगडला तेव्हा तळघरातल्या पार्किंगचा उतार नेमका झाडाच्या बुंध्यावरून गेलेला दिसला. मी विचारलं, हा उतार दुसऱ्या बाजूने का नाही?

आमचे अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर. माणूस तसा वाईट नाही, पण निवृत्तीनंतर सोसायटी सोडून त्यांना दुसरं बांधायला काही मिळालेलं नाही. ते म्हणाले, "वहिनी, नकाशा बदलायचा म्हणजे पुन्हा सगळ्या परवानग्या. वर्ष सहज जाईल, दीडही."

"जाऊ दे की," मी म्हटलं. "इतकी वर्षं राहिलोच ना?"

सेक्रेटरी तरुण आहे, हिंजवडीला नोकरी करतो. तो म्हणाला, "काकू, आय टोटली गेट इट, तुम्ही इमोशनल आहात. पण प्रॅक्टिकली बघा ना. कवठंच हवीत तर शिवरात्रीच्या आदल्या दिवशी कसब्यात ढीग लागतात. मी स्वतः आणून देईन."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. याच मुलाच्या बायकोने गरोदरपणात आंबट हवं म्हणून माझ्याकडून दोनदा चटणी नेली होती. मी म्हटलं, "तुझी आई कसब्यात विकत मिळाली तर बदलून घेशील का?" हे बोलायला नको होतं, असं सगळ्यांचे चेहरे सांगत होते. मला अजूनही वाटतं की बोलायलाच हवं होतं.

मळेवाल्यांना दिलेल्या शब्दाची आठवण मी करून दिली. अध्यक्ष म्हणाले, "असं काही लेखी आहे का?" म्हणजे आता शब्द देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने शेजारी वकील उभा करायचा! सभेत हात वर झाले. झाडाच्या बाजूने माझा एकटीचा. चित्रकार काकांनी अर्धा वर केला आणि मान खाजवली. आमचे हे सभेला आलेच नव्हते. गुडघे आणि हृदय या दोन कारणांनी हे डॉक्टरकडे जायचं असल्याशिवाय खाली उतरत नसत. घरी येऊन मी सगळं सांगितलं, हातवारे करून, प्रत्येकाची नक्कल करून. ह्यांनी वर्तमानपत्र खाली न घेता विचारलं, "वर्ष जाईल म्हणाले?"

"दीडसुद्धा म्हणाले. म्हणू देत."

ह्यांनी पान उलटलं. वाद घालणं यांच्या स्वभावातच नाही, असं मी धरून चालले.

त्यानंतर मी लढले. वृक्षप्रेमी म्हणवणाऱ्या लोकांना भेटले, हरकत नोंदवली, शेजारच्या सोसायट्यांमधून सह्या आणल्या. जिन्यावरून दिवसातून किती वेळा चढउतर केली असेल ते माझे घोटेच जाणोत. यांना दुपारचं औषध देऊन मी बाहेर पडायची ती संध्याकाळी यायची.

माघ संपत आला. कवठाची पानं गळाली, दरवर्षी गळतात तशी. आणि सेक्रेटरीने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाडाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'ट्री इज ऑलरेडी डेड. हॅझार्डस. प्लीज नोट.' त्यावर नमस्कारांचा आणि अंगठ्यांचा पाऊस. फोटोत मेलेल्या झाडावर पंचवीसेक कवठं डुलत होती, पण शिकलेल्या माणसांना ती दिसेनात. मेलेलं झाड फळं कशी धरतं हा प्रश्न एकाही पदवीधराला पडला नाही. अशी आमची सोसायटी, हत्तीने गिळलेल्या कवठासारखी. बाहेरून अखंड आणि आतून पोकळ. मी खाली गेले, फांदीची साल नखाने खरवडली, आतला हिरवा रंग दाखवणारा फोटो काढून ग्रुपवर टाकला. अध्यक्षांनी थोड्या वेळाने सुप्रभात पाठवलं.

त्या शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मावशी आल्या तेव्हा फाटकावर नवीन सुरक्षारक्षक होता. त्याने विचारलं, कोणत्या फ्लॅटमध्ये जायचं, मोबाइलवर नंबर येईल तो सांगा. मावशी म्हणाल्या, "झाडाकडं जायाचं हाय." त्याच्या मोबाइलमध्ये झाडाचा फ्लॅट नव्हता. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा त्या पाटी खाली ठेवून फाटकाबाहेर उभ्या होत्या, स्वतःच्याच जमिनीबाहेर. मी ज्या वेगाने खाली गेले त्या वेगाने माझ्या वयाची बाई जाऊ नये. मी जे काही बोलले ते त्या रक्षकाच्या वाट्याला आलं, बिचारा हुकमाचा ताबेदार असूनही.

मावशींनी कवठं निवडली. मी त्यांना सांगितलं की हे झाड तोडणार आहेत. त्यांनी हातातलं कवठ फरशीवर सोडलं, ते जागीच बसलं, आणि त्यांनी ते पाटीत टाकलं.

"मग म्हादेवाला काय नेऊ म्या?" त्या म्हणाल्या. "त्यो इचारंल की."

त्या पाटी उचलून गेल्या.

चैत्रात झाड तांबूस पालवीने भरलं, बारीक लालसर फुलं आली. आणि त्याच आठवड्यात तोडायची परवानगी आली. अगदी रीतसर. बदल्यात रोपं लावायचं लिहून दिलेलं होतं. कुठे लावणार विचारल्यावर कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं.

यापुढे जे झालं ते केवळ आमच्यासारख्यांनाच सुचू शकतं. परवानगी मिळाली, बिल्डरची माणसं ठरली, आणि मग सगळ्यांना पापाची भीती वाटू लागली. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी कोणाला तरी विचारलं, तर म्हणे फळतं झाड तोडताना त्याची क्षमा मागावी लागते. नारळ, हळदकुंकू, अक्षता. पण मागायची कोणी? पूजा करणाऱ्याला त्या झाडाचं पाप लागणार, म्हणून एकेकीने हात झटकले. कोणाच्या सुनेला दिवस गेले होते, कोणाच्या मुलाची परीक्षा होती. शेवटी अध्यक्ष माझ्याकडे आले, हात जोडून, अगदी नम्रपणे.

"वहिनी, आम्ही काही अंधश्रद्धाळू नाही. पण आपण त्या झाडाचं इतकं केलंत, तर आपल्याच हातून झालेलं बरं."

मी भांडं घासत होते. तशाच हाताने दार लावलं.

मग त्यांनी मावशींना बोलावणं पाठवलं. 'तुमच्याच घरचं झाड, तुम्हीच त्याची क्षमा मागा.' फाटकावर ज्यांना नंबर विचारला होता, त्यांना आणायला अध्यक्षांची गाडी गेली. गाडीत मागच्या सीटवर बसून मावशी आल्या. मी खाली गेलेच. मला त्या सगळ्यांची तोंडं पाहायची होती.

सकाळचं कोवळं ऊन होतं. बिल्डरची माणसं करवतीचं यंत्र, दोर आणि कुऱ्हाड घेऊन बसली होती. निम्मी सोसायटी गोळा झाली होती, काहीजणी ठेवणीतल्या साड्या नेसून. मावशींनी बुंध्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाणी मुळाशी घातलं आणि बुंध्याला हात लावून पुटपुटल्या. ते मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी मजुरांकडून कुऱ्हाड मागून घेतली आणि ती अध्यक्षांपुढे धरली.

"घ्या."

"अहो, मी कशाला? ही माणसं आहेत ना."

"आमच्यात फळतं झाड मजुराच्या हातानं न्हाई पाडत. पहिला घाव धन्यानं घालायचा. माझ्या मालकानं आंबा पाडला तवा त्यानंच घातला व्हता, रडत रडत. तुम्ही धनी हाय ना आता? घ्या."

अध्यक्षांनी सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरीने फोनकडे. कोणी म्हणालं, "हे काय मध्येच?" अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी त्यांची बाही मागे ओढली. मजूरसुद्धा यंत्र खाली ठेवून बसले. त्यातला एक म्हणाला, "आजी बरोबर बोलतात साहेब, पहिला तुम्ही मारा." मावशी कुऱ्हाड पुढे धरून तशाच उभ्या होत्या, खाली घेत नव्हत्या. ठेवणीतल्या साड्या हळूहळू मागे सरकल्या. मला आतून असा आनंद होत होता की काय सांगू. मला वाटलं, झालं, आज हे झाड पडत नाही. या माणसांत एक घाव घालण्याइतकाही दम नाही.

"द्या इकडे."

मी मागे पाहिलं. आमचे हे होते. लेंगा आणि घरातली चप्पल, एक हात भिंतीला. तीन मजले उतरून कधी आले ते मला कळलंच नव्हतं.

मावशी म्हणाल्या, "अवो साहेब, तुम्ही?"

"मीही इथलाच, मावशी. माझाही वाटा आहे यात." यांना धाप लागली होती. "मला वर्षभर थांबणं जमायचं नाही. मला जिना चढवत नाही. घरातून खाली यायचं म्हणजे मला आता डॉक्टरचं निमित्त लागतं."

मी म्हटलं, "अहो, काय करताय?"

यांनी चप्पल काढली, झाडाला नमस्कार केला आणि कुऱ्हाड मारली. घाव असा काही लागला नाही. सालीचा एक ढलपा उडाला आणि आतलं पिवळट लाकूड दिसलं. कुऱ्हाड मजुराच्या हातात देऊन हे माझ्याकडे वळले.

"आता रागवायचं असेल तर माझ्यावर रागव," हे म्हणाले. "त्यांना सोड."

मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "घातला ना घाव? मग पाडा आता," असं मजुरांना म्हणाल्या आणि निघाल्या. गाडीने सोडतो म्हणणाऱ्या अध्यक्षांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडेही नाही.

अध्यक्ष यांच्यापाशी येऊन म्हणाले, "थँक यू हं, फार मोठं काम केलंत." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढचं वाक्य गिळून बाजूला झाले.

आम्ही वर निघालो. मी यांच्या दंडाला धरलं होतं, कारण दुसरं कोणी धरणार नव्हतं. पहिल्या मजल्यावर हे कठड्याला टेकून थांबले. खाली यंत्र सुरू झालं. मला यांना इतकं बोलायचं होतं की जीभ तोंडात मावत नव्हती. इतके महिने सभेत, फाटकावर, ग्रुपवर जे जे बोलले होते ते सगळं, आणि त्याहून वाईट. पण यांचे ओठ निळसर दिसत होते, आणि धाप लागलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

दुसऱ्या मजल्यावर हे पुन्हा थांबले तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"लिफ्टची एवढी निकड होती तर तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"तू रोज झाडाचं सांगायचीस," हे म्हणाले. "मी कधी सांगायचं?"

खाली मोठा कडकडाट झाला आणि बायकांचा ओरडा ऐकू आला. आम्ही दोघांनीही खाली पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांतून संतापाने पाणी येत होतं. मी यांचा दंड आणखी घट्ट धरला आणि म्हटलं, "चला. पाय उचला."